न्यूफाउंडलंड: हिमवादळ, काळोख आणि एकट्या बेटाची वीज

कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. जानेवारी २०१४ च्या पहिल्या आठवड्यात या बेटावर ऐन हिमवादळात वीज गेली. एका टप्प्यावर सुमारे १ लाख ९० हजार वीजग्राहक अंधारात होते. अनेक घरांत उष्णतेची सोयही विजेवरच चालत असल्याने प्रश्न केवळ दिव्यांचा नव्हता. ‘डार्क एनएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेनंतर चौकशी झाली, मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि बेटाच्या वीजव्यवस्थेची रचनाही बदलत गेली.

बर्फ पडला म्हणून वीज गेली, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात बर्फ हे एकच कारण नव्हते. चारही बाजूंनी समुद्र, कुणाकडून उसनी वीज घेण्याची सोय नाही, यंत्रे जुनी आणि देखभाल लांबलेली, अशा व्यवस्थेला कडाक्याच्या थंडीचा ताण सहन झाला नाही. बेटावरची वीजव्यवस्था मुख्य भूमीपेक्षा नाजूक का असते आणि वीज गेल्यावर लोक कसे तग धरतात, हे समजून घेण्यासाठी न्यूफाउंडलंडचे उदाहरण बोलके आहे.

बेट आणि त्याचा हिवाळा

न्यूफाउंडलंडचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहे. लोकसंख्या मात्र पाच लाखांच्या आसपास. १९४९ मध्ये हा प्रदेश कॅनडात सामील झाला. समोरच्या मुख्य भूमीवरील लॅब्रॅडॉर आणि हे बेट मिळून ‘न्यूफाउंडलंड अँड लॅब्रॅडॉर’ हा प्रांत होतो. सेंट जॉन्स ही त्याची राजधानी. जगात अर्ध्या तासाच्या फरकाची प्रमाणवेळ पाळणारे प्रदेश मोजकेच आहेत. त्यांत भारत आहे आणि न्यूफाउंडलंडही. हिवाळ्यात दोघांच्या घड्याळांत बरोबर नऊ तासांचे अंतर असते.

उत्तरेकडून येणारा लॅब्रॅडॉरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह या बेटाजवळ भेटतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर सरकणारी हिवाळी वादळेही याच वाटेने जातात. अशी वादळे समुद्रावर झपाट्याने बळावतात. एका दिवसात वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब साधारण २४ मिलिबार किंवा अधिक घसरला, तर हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘बॉम्ब’ चक्रीवादळ म्हणतात. सेंट जॉन्समध्ये वर्षाला सरासरी तीन मीटरहून अधिक बर्फ पडतो. जानेवारीच्या सुरुवातीला दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो.

मात्र येथील हिवाळा सैबेरियासारखा सलग गोठलेला नसतो. समुद्रामुळे तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते. सकाळी भुरभुरीत बर्फ, दुपारी पाऊस आणि रात्री पुन्हा गोठण, असे एकाच दिवसात घडते. विजेच्या तारांना हीच वर-खाली सर्वांत जास्त जाचते.

बर्फामुळे तारा का तुटतात?

अगदी कोरडा, भुरभुरीत बर्फ तारेवर फारसा टिकत नाही. वारा तो उडवून लावतो. धोका असतो तो ओल्या बर्फाचा आणि गोठणाऱ्या पावसाचा. जमिनीलगतची हवा शून्याखाली आणि वरचा थर उबदार असला, की वरून पाण्याचे थेंब पडतात आणि तार, फांदी किंवा खांब यांना स्पर्श होताच त्यांचे काचेसारखे कवच बनते. न्यूफाउंडलंडच्या बोलीत या चकाकत्या कवचाला ‘ग्लिटर’ किंवा ‘सिल्व्हर थॉ’ म्हणतात. नावे सुंदर आहेत, पण परिणाम भयंकर असतो.

कवचाची जाडी वाढते तसे तारेचे वजन वाढते. शिवाय तार जाड झाल्याने वाऱ्याला अडणारा पृष्ठभागही वाढतो. वजन खाली ओढते, वारा आडवा ढकलतो आणि तार हेलकावे घेऊ लागते. दोन तारा एकमेकींना लागल्या तर संरक्षक यंत्रणा वाहिनी बंद करते. ताण फार वाढला तर तार तुटते किंवा खांब मोडतो. एक खांब पडला, की त्याचा ओढा शेजारच्या खांबांवर येतो आणि ओळीने अनेक खांब कोसळू शकतात. एप्रिल १९८४ मधील अशाच एका हिमवृष्टीने सेंट जॉन्स आणि आसपासचा अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्प अंधारात लोटला होता.

दुसरा शत्रू म्हणजे मीठ. किनाऱ्यावरच्या वादळात लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि खारट ओला बर्फ उपकेंद्रातील चिनी मातीच्या इन्सुलेटरवर चिकटतो. मिठाच्या पाण्यातून वीज वाहू शकते. त्यामुळे जिथे वीज अडली पाहिजे तिथे तिला वाट मिळते आणि ठिणग्या उडतात. कोकण किनाऱ्यावरील वीज कर्मचाऱ्यांना मिठाचा हा त्रास ओळखीचा आहे. न्यूफाउंडलंडमध्ये त्यात बर्फाची भर पडते. ११ जानेवारी २०१३ च्या वादळात समुद्रकाठच्या होलीरूड वीजकेंद्राला याच कारणाने फटका बसला होता. पुढच्या वर्षीच्या संकटाची ती एक पूर्वसूचना होती.

एकट्या बेटाची वीज

महाराष्ट्रात एखादा संच बंद पडला तर देशाच्या जाळ्यातून वीज ओढता येते. भारताचा दक्षिण विभाग ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि संपूर्ण भारताचे एकच वीजजाळे तयार झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी न्यूफाउंडलंडमध्ये भारनियमन सुरू झाले. तोवर या बेटाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकही विजेची तार नव्हती. जेवढी वीज बेटावर तयार होईल, तेवढीच वापरायला मिळत असे.

त्या वेळी बेटाची मदार दोन मोठ्या केंद्रांवर होती. पहिले, दक्षिण-मध्य भागातील बे डेस्पॉयर हे सुमारे ६०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘आशेचा उपसागर’, पण स्थानिक उच्चारात ते इंग्रजीतील ‘निराशे’सारखे ऐकू येते. दुसरे, राजधानीच्या जवळचे होलीरूड हे तेलावर चालणारे सुमारे ४९० मेगावॉटचे औष्णिक केंद्र. १९७० च्या दशकात उभारलेल्या या केंद्रात तीन संच आहेत. याशिवाय लहान जलविद्युत केंद्रे आणि आणीबाणीसाठी हार्डवुड्स व स्टीफनव्हिल येथे प्रत्येकी सुमारे ५० मेगावॉटची जुनी गॅस टर्बाइन होती. हिवाळ्यातील सर्वोच्च मागणी दीड हजार मेगावॉटच्या घरात जाते.

भूगोलाची अडचण वेगळी. जलविद्युत निर्मिती मुख्यतः बेटाच्या मध्य आणि पश्चिम भागात होते, तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या पूर्वेकडील अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पात राहते. हा द्वीपकल्प उरलेल्या बेटाला काही किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. पश्चिमेची वीज पूर्वेला आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या याच पट्टीतून जातात. तिच्या तोंडाशी सनीसाइड नावाचे उपकेंद्र आहे.

लहान जाळ्याचा आणखी एक दोष म्हणजे त्याचा तोल पटकन जातो. उत्तर अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ ठेवली जाते. मागणी आणि निर्मिती समान असेल तरच ती स्थिर राहते. हजारो जनित्रे एकत्र फिरत असलेल्या मोठ्या जाळ्यात एक बंद पडले तरी फारसे जाणवत नाही. बेटावर मात्र एक मोठा संच बंद पडताच वारंवारिता झपाट्याने घसरते. ती फार घसरली तर उरलेली जनित्रेही स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. हे टाळण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा क्षणार्धात काही भागांची वीज तोडते. न्यूफाउंडलंडच्या ग्राहकांना अशी अचानक जाणारी वीज अनेक वर्षे सवयीची होती. मोठे नुकसान टाळण्यासाठी दिलेली ती छोटी किंमत होती.

जानेवारी २०१४ मध्ये काय घडले?

डिसेंबरपासूनच थंडी कडाक्याची होती आणि मागणी चढी. बेटावरील निम्म्याहून अधिक घरे भिंतीलगत बसवलेल्या विजेच्या हीटरवर उबदार ठेवली जातात. त्यामुळे पारा जेवढा खाली जातो, तेवढी विजेची मागणी वर जाते. नेमक्या याच वेळी होलीरूडचा एक संच बिघाडामुळे पूर्ण क्षमतेने चालत नव्हता आणि आणीबाणीसाठी राखून ठेवलेली जुनी गॅस टर्बाइनही पूर्णपणे उपलब्ध नव्हती.

२ जानेवारीला सरकारी वीज कंपनीने लोकांना वापर कमी करण्याचे आवाहन केले आणि सायंकाळच्या मागणीच्या वेळी आळीपाळीने भारनियमन सुरू झाले. महाराष्ट्रातील वाचकांना भारनियमन नवे नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे ते उन्हाळ्याशी जोडलेले असते आणि पंखा बंद पडतो. तिथे ते शून्याखालच्या रात्री आले आणि बंद पडली ती घराची ऊब.

३ तारखेच्या रात्री हिमवादळ आले. ४ जानेवारीला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे भारतात सायंकाळचे सहा वाजत असताना, सनीसाइड उपकेंद्रातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. बिघडलेला भाग वेगळा करण्यासाठी जे ब्रेकर लगेच उघडायला हवे होते, त्यांतील एक उघडला नाही. त्यामुळे एका ट्रान्सफॉर्मरचा बिघाड तेवढ्यावर न थांबता वाहिन्यांवर पसरला. अ‍ॅव्हलॉनकडे येणारा प्रवाह तुटला आणि होलीरूडचे संचही बंद पडले. १ लाख ९० हजार ग्राहक अंधारात गेले ते याच वेळी.

कर्मचाऱ्यांनी बर्फात वाट काढत पुरवठा टप्प्याटप्प्याने सुरू केला. ५ तारखेच्या रात्री होलीरूड येथे पुन्हा एका ब्रेकरने दगा दिला आणि नुकतीच वीज परतलेल्या अनेक भागांत ती पुन्हा गेली. भारनियमनाचा हा खेळ ८ जानेवारीपर्यंत चालला. सुट्टीनंतर उघडणाऱ्या शाळा बंद राहिल्या.

गेलेली वीज परत देणे अवघड का?

वीज परत आली की सगळे पूर्ववत होते, असे वाटते. थंड प्रदेशात नेमके याच क्षणी जाळे सर्वांत जास्त ताणले जाते.

एरवी शहरातील सगळे हीटर एकाच वेळी चालू नसतात. खोली तापली की हीटर आपोआप बंद होतो, थंड झाली की पुन्हा चालू होतो. पाणी तापवणारी टाकी आणि फ्रीज यांचेही तसेच. प्रत्येक घराची वेळ वेगळी असल्याने एकूण भार सरासरीत राहतो. पण वीज तासभर गेली, की सर्व घरे एकदम गार होतात. वीज परतताच प्रत्येक हीटर आणि प्रत्येक टाकी एकाच क्षणी पूर्ण शक्तीने सुरू होते. एखाद्या फीडरवर नेहमीच्या दुपटीपर्यंत भार येऊ शकतो. जितका वेळ वीज गेलेली, तितका हा भार अधिक काळ टिकतो.

म्हणून आळीपाळीचे भारनियमन कागदावर दिसते तेवढे सोपे ठरत नाही. एका भागाची वीज तोडून वाचवलेले मेगावॉट दुसऱ्या थंड झालेल्या भागाला पुरत नाहीत. तासाभरासाठी म्हणून तोडलेली वीज अधिक काळ परत येत नाही. वीज आल्याबरोबर सगळे हीटर, ओव्हन आणि कपडे वाळवण्याचे यंत्र एकदम लावू नका, एकेक खोली तापवा, अशी सूचना अशा वेळी दिली जाते. लोकांनी ती पाळली तर शेजारच्या वस्तीला वीज लवकर मिळते. थंडीतल्या बेटावर बटण दाबण्यातही शेजारधर्म असतो, तो असा.

अंधारात लोकांनी काय केले?

न्यूफाउंडलंडच्या गावांत अजूनही अनेक घरांत लाकडाची शेगडी आहे. उन्हाळ्यात लाकूड तोडून, फोडून, रचून ठेवण्याची जुनी रीत आहे. ज्यांच्याकडे अशी शेगडी होती त्यांच्याकडे शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमले. ज्यांची घरे केवळ विजेवर तापत होती, त्यांनी एकाच खोलीत मुक्काम हलवला, दारांच्या फटींत कापड खोचले आणि पांघरुणांवर पांघरुणे घेतली. घराघरांत उपयोगी पडला तो कॅम्पिंगचा छोटा स्टोव्ह, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी दारातली मोटार. ज्यांना घरी राहणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी नगरपालिका आणि संस्थांनी उबदार निवारे उघडले.

घर गार झाल्यावर पहिला फटका पाण्याच्या नळांना बसतो. पाणी गोठताना प्रसरण पावते आणि नळी फुटते. वीज परत आल्यावर बर्फ वितळतो आणि तेव्हा घरात पाणी भरते. म्हणून थंडीत वीज गेली की नळ थोडा थेंबथेंब चालू ठेवतात किंवा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ्या रिकाम्या करतात.

जिवाला सर्वांत मोठा धोका थंडीइतकाच उबेच्या चुकीच्या उपायांचा असतो. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवणे, कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणे, यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठतच नाही. बर्फाने घराबाहेरील धुराड्याचे तोंड बुजले तरी हेच घडते. त्यामुळे वादळ ओसरताच धुराडे मोकळे करणे हे अंगणातल्या बर्फाआधीचे काम मानले जाते.

कॅनडा सरकार प्रत्येक कुटुंबाला किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावता येईल एवढी तयारी ठेवायला सांगते. माणशी दिवसाला दोन लिटर पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येणारे अन्न, औषधे, टॉर्च, रोख पैसे आणि हाताने फिरवून किंवा सेलवर चालणारा रेडिओ अशी ही यादी असते. रोख पैसे यासाठी, की वीज नसताना कार्ड चालत नाही. न्यूफाउंडलंडमध्ये आणखी एक कारण आहे. बेटावरची बहुतांश ताजी भाजी आणि फळे नोव्हा स्कोशियाहून फेरीबोटीने येतात. समुद्र खवळला की बोट थांबते आणि दुकानांची फडताळे रिकामी होऊ लागतात.

चौकशीत काय आढळले?

संकटाच्या काळात प्रांताच्या मुख्यमंत्री कॅथी डंडरडेल यांनी परिस्थितीला ‘संकट’ म्हणण्यास नकार दिला. थंड घरांत बसलेल्या लोकांना ते रुचले नाही. आधीपासूनच लोकप्रियता घसरत असलेल्या डंडरडेल यांनी २२ जानेवारी २०१४ रोजी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्या प्रांताच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री होत्या.

प्रांताच्या वीज नियामक मंडळाने चौकशी सुरू केली आणि लिबर्टी या सल्लागार संस्थेला तांत्रिक तपासणीचे काम दिले. संस्थेने २०१४ मध्येच एप्रिलमध्ये अंतरिम व डिसेंबरमध्ये पुढील अहवाल दिला. निष्कर्ष दोन भागांत होते. एक, हिवाळ्याच्या मागणीला पुरेशी निर्मितीक्षमता उपलब्ध नव्हती. दोन, पारेषण व्यवस्थेतील महत्त्वाची उपकरणे निकामी ठरली. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर यांच्या देखभालीची कामे वेळापत्रकाप्रमाणे झाली नव्हती. राखीव टर्बाइन थंडी सुरू होण्यापूर्वी सज्ज असायला हवी होती, ती नव्हती.

या साऱ्यातून समोर आली ती एक जुनीच गोष्ट. राखीव यंत्र वर्षभर नुसते उभे असते, तेव्हा त्यावरील खर्च उधळपट्टी वाटतो. त्याची गरज वर्षातून चार-सहा दिवसच पडते, पण त्या दिवसांत दुसरा पर्याय नसतो. ज्या बेटाला शेजारी नाही, त्याला हा खर्च टाळता येत नाही.

यानंतर होलीरूड येथे १२३ मेगावॉटचे नवे टर्बाइन बसवण्यात आले. बे डेस्पॉयरहून अ‍ॅव्हलॉनकडे आणखी एक २३० किलोव्होल्टची वाहिनी टाकण्यात आली.

२०२० चे महाहिमवादळ

सहा वर्षांनी बेटाची पुन्हा परीक्षा झाली. १७ जानेवारी २०२० रोजी ‘बॉम्ब’ प्रकारच्या वादळाने सेंट जॉन्सच्या विमानतळावर एका दिवसात ७६.२ सेंटीमीटर बर्फ टाकला. एप्रिल १९९९ मधील ६८.४ सेंटीमीटरचा तेथील विक्रम मोडला गेला. वारा ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. त्यामुळे बर्फाचे ढिगारे पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत गेले. अनेकांनी दार उघडले तेव्हा समोर दाराच्याच आकाराची पांढरी भिंत उभी होती. सिग्नल हिल या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या बॅटरी वस्तीत हिमकडा कोसळून बर्फ थेट घरात शिरला. याच वस्तीत १९५९ मध्ये हिमकडा कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला होता.

सेंट जॉन्समध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि ती आठ दिवस चालली. खासगी वाहनांना रस्त्यावर येण्यास बंदी होती. दुकाने बंद होती. चार दिवसांनी किराणा दुकाने मर्यादित वेळेसाठी उघडली, तेव्हा थंडीत लांबच लांब रांगा लागल्या. शेकडो सैनिक बर्फ उपसण्यासाठी आणि वृद्ध, आजारी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी आले.

हजारो ग्राहकांची वीज याही वेळी गेली, परंतु २०१४ प्रमाणे संपूर्ण व्यवस्था कोसळली नाही. दोन्ही घटनांची सरळ तुलना करता येत नाही. २०१४ मध्ये मूळ दुखणे निर्मितीच्या तुटवड्याचे आणि उपकेंद्रांतील उपकरणांचे होते, तर २०२० मध्ये मुख्यतः रस्त्यांचे आणि बर्फाचे. तरीही एक फरक लोकांना जाणवला. बर्फ अधिक असूनही बहुतेक घरांत ऊब आणि दिवा होता. वाट बंद असली तरी घर उबदार असेल, तर आठ दिवस काढता येतात.

समुद्राखालून शेजार

दरम्यान बेटाचा एकटेपणा संपला होता. ‘मेरीटाइम लिंक’ या प्रकल्पात न्यूफाउंडलंड आणि नोव्हा स्कोशियातील केप ब्रेटन यांच्या दरम्यान समुद्राखालून प्रत्येकी सुमारे १७० किलोमीटर लांबीच्या दोन केबल टाकण्यात आल्या. त्यांची क्षमता ५०० मेगावॉट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यातून प्रथम वीज वाहिली आणि बेट इतिहासात पहिल्यांदा उत्तर अमेरिकेच्या जाळ्याशी जोडले गेले.

दुसरी जोडणी लॅब्रॅडॉरशी. तेथील चर्चिल नदीवर १९७० च्या दशकापासून ५,४२८ मेगावॉटचे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. मात्र १९६९ च्या करारानुसार त्याची बहुतांश वीज अत्यंत स्वस्त दराने क्वेबेक प्रांताला जाते आणि हा करार २०४१ पर्यंतचा आहे. स्वतःच्या प्रांतात एवढी वीज तयार होत असताना बेटावर भारनियमन, ही गोष्ट तेथील लोकांच्या मनात सलत आली आहे. याच नदीच्या खालच्या भागात मस्क्रॅट फॉल्स येथे ८२४ मेगावॉटचे नवे केंद्र आणि तेथून राजधानीजवळ येणारी सुमारे १,१०० किलोमीटरची वाहिनी उभारण्याचा निर्णय डिसेंबर २०१२ मध्ये झाला.

प्रकल्प रखडला आणि खर्च मंजुरीच्या वेळच्या ७.४ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून १३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. न्यायमूर्ती रिचर्ड लब्लँक यांच्या आयोगाने मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाच्या शीर्षकातच त्याला ‘भरकटलेला प्रकल्प’ म्हटले. वीजदर दुप्पट होतील या भीतीने २०२१ मध्ये केंद्र सरकारला ५.२ अब्ज डॉलरचे साहाय्य द्यावे लागले. वाहिनी पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाले. काळोखाची भीती आणि कर्जाची भीती यांच्यात पाच लाखांचा हा समाज अडकलेला दिसतो.

शिवाय नवी वाहिनी लॅब्रॅडॉरच्या उजाड, वाऱ्याच्या प्रदेशातून येते. तेथेही तारांवर बर्फ जमतो. दुरुस्तीसाठी माणूस पोहोचायलाच दिवस लागू शकतात. म्हणजे एक धोका कमी करताना त्याच जातीचा दुसरा, दूरचा धोका पत्करावा लागला आहे.

लहान बेटांचे काय?

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत आणखी लहान बेटे आणि रस्ता नसलेली गावे आहेत. काहींना मोठ्या बेटावरून समुद्राखालील केबलने वीज मिळते. दक्षिण किनाऱ्याजवळचे रामिया बेट डिझेल जनित्रांवर चालते. तेथे पवनचक्क्या जोडून डिझेल वाचवण्याचा प्रयोग झाला. अशा ठिकाणी हिवाळ्याची तयारी म्हणजे आधी टाक्या भरून घेणे. वादळात बोट येणार नाही हे गृहीतच धरलेले असते. गंमत म्हणजे २०१४ मध्ये मोठ्या बेटाचे जाळे कोलमडले, तेव्हा स्वतःच्या जनित्रावर चालणाऱ्या गावांना त्याची झळ बसण्याचे कारण नव्हते. जाळे जोडल्याने मदत मिळते, पण दुसऱ्याचा बिघाडही आपल्या दारात येतो.

आजची स्थिती

मस्क्रॅट फॉल्सची वीज आल्यावर होलीरूडचे जुने, प्रदूषण करणारे केंद्र बंद करायचे ठरले होते. पण लॅब्रॅडॉरची लांब वाहिनी ऐन थंडीत तुटली तर काय, या प्रश्नाचे पक्के उत्तर न मिळाल्याने ते राखीव म्हणून चालू ठेवण्यात आले आहे. बे डेस्पॉयर येथे आठवे जनित्र आणि अ‍ॅव्हलॉनमध्ये नवे टर्बाइन उभारण्याचा प्रस्ताव सरकारी वीज कंपनीने नियामकापुढे मांडला आहे. घरे अधिकाधिक विजेवर तापवली जात आहेत आणि मोटारीही विजेवर येत आहेत, त्यामुळे हिवाळ्यातील मागणी वाढतच जाणार.

दोन समुद्री जोडण्या, तिसरी वाहिनी आणि नवे टर्बाइन असूनही न्यूफाउंडलंडमधील जाणती माणसे शरद ऋतूत लाकूड फोडून रचून ठेवतात, सेल बदलतात आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचा फोन क्रमांक लिहून ठेवतात. वीज कंपनीने जो धडा चौकशीनंतर घेतला, तो या घरांना आधीपासून ठाऊक होता: वादळ येते त्या दिवशी जवळ जे असेल, तेवढेच कामी येते.